लिफ्टमधला मेंदू

आमच्या काशीमीऱ्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी सावंत यांच्याकडे मेंदू असल्याचा पुरावा आहे, तोही लॅमिनेट केलेला. त्यांची भाची संशोधन करते. माणसाला एमआरआयमध्ये झोपवून कोडी घालायची आणि विचार करताना मेंदूचे फोटो काढायचे. सावंत हौसेने झोपून आले आणि फोटो लिफ्टमध्ये गणपतीशेजारी चिकटवला.

"लाल दिसतंय ना, तेवढं डोकं चालतंय. पार्किंगच्या वादात आता मला कोणी शिकवू नका."

रविवारी भाची लिफ्टमध्ये भेटली. मी लाल रंगाचं विचारलं.

ती हळूच म्हणाली, "काका, ते सगळ्यात सोपं कोडं होतं. बाकीच्यांच्या मेंदूला एवढं खपावं लागलं नाही."

भाची तो फोटो लिफ्टमधून उतरवायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे. पार्किंगचा वाद चार वर्षं का सुटत नाही, ते लोकांना कळायला नको?