भाकर थापताना घेतलेली नावं

माजं नाव मार्था. माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, तिथं ख्रिस्ती घर आमचं एकटंच, बाकी सगळे कुणबी आणि वर डोंगरावर धनगरवाडा, पण काय सांगू तुमाला ताई, परकं कदी वाटलंच नाय, होळीची पोळी त्यांची आमच्याकडं यायची आणि नाताळाच्या करंज्या आमच्या त्यांच्याकडं. शास्त्रातली मार्था म्हणजे चुलीपाशी राबणारी, आणि तिची बहीण मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकणारी, आणि येशू बोलला की मरियेनं चांगला वाटा निवडला. आमच्या देवळात, म्हणजे चर्चात, हा उतारा वाचला की सगळी मंडळी माज्याकडं बघून हसते. हसू दे. मी बोलते, एवडे पाव्हणे घरात आलेले, त्यांना जेवायला कोण घालणार होतं, मरिया?

लग्न होऊन महाडात आले. चवदार तळ्याच्या मागं आमची आळी, पावसात सावित्रीचं पाणी कदी उंबऱ्यापर्यंत येतं, कदी दया करतं. सासूबाय रेबेकाबाय. खांद्याला झोळी, झोळीत शास्त्र आणि कात्री आणि दोऱ्याचं रीळ, आणि निघाली डोंगर चढायला. जायची शास्त्र वाचून दाखवायला आणि यायची बाळंतपण करून. इथल्याबी डोंगरावर धनगरवाडा, तिथली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली, त्यातल्या कुणी बाप्तिस्मा घेतला नाय आणि तिनं कदी तोंड वाकडं केलं नाय. अजून बाजारात कुणी म्हातारी धनगरीण भेटली की बोलते, गो, तू रेबेकाबायची सून ना, आणि तुपाचा डबा हातात देते. पैसे देऊ केले तर रागावते.

तेव्हा पाळक, म्हणजे देवळाचा धर्मगुरू, लांबून यायचा, पावसात तर यायचाच नाय. मंग रविवारची उपासना कोण चालवणार, तर रेबेकाबाय, आमच्याच पडवीत. पोरांना प्रार्थना शिकवायची ती, मयताच्या घरी धीर द्यायची ती, भांडणं मिटवायची ती. आणि प्रभुभोजनाचा पाव, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून उपासनेत वाटतात तो, त्याची तर गंमतच हाय. रेबेकाबायच्याबी आदी सारूबाय म्हणून एक होती, तिच्या वेळेला एकदा भर पावसात पाळक कसाबसा पोचला, पण रस्ते बंद, पाव आणायचा कुठून? तर तिनं सरळ तांदळाची भाकर केली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली, हाच पाव, बोलली. तो बिचारा चिखल तुडवत आलेला, पोटात कावळे ओरडत होते, तो काय वाद घालणार. तेव्हापासून आमच्याकडं प्रभूच्या मेजावर भाकरच असते.

आता देवळाच्या भिंतीवर पाटी हाय, जाऊन बघा, सगळ्या पाळकांची नावं हायत. सारूबायचं नाय, रेबेकाबायचं नाय. मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू. पुनरुत्थानाच्या सकाळी, येशू मेलेल्यातून उठला तेव्हा, त्याच्या थडग्याकडं कोण गेलं होतं? बायाच गेल्या ना? पुरुष दारं लावून बसले होते, आणि बायांनी येऊन सांगितलं तरी त्यांना पटेना. पण पाटी करायची म्हटली की बरोबर दार उघडून बाहेर येतात.

पण सारूबाय हुशार. तिनं एक रीत घालून दिली. शनिवारी भाकर थापताना एकेका थापेला एकेका बायचं नाव घ्यायचं. मंडळीतल्या सगळ्या, मंग आजारी असेल ती, अडलेली असेल ती, नवरा मुंबईला जाऊन परत फिरकला नाय ती, कुठल्या का जातीची असंना. आणि सगळ्यात शेवटी आदी भाकर करणाऱ्या, त्यांचं नाव. पण गेलेल्यांचं हां, भाकर करणाऱ्या घरातल्या बायांचं जिवंतपणी घ्यायचं नाय. मी नवी सून, मी विचारलं, मंग माजं नाव मी कदी ऐकणार? रेबेकाबाय हसली आणि बोलली, तू गेल्यावर गो.

पाळक बदलले, सालं गेली, माजं थापणं चालूच. आणि मागल्या वर्षी हे नवे पाळकसाहेब आले, तरणे, गोड माणूस. वीर स्टेशनावर गाडीतून उतरले, रिक्षा करून आले, आणि बॅगेतून एक पाकीट काढलं. त्यात पांढऱ्या गोल चकत्या, कागदासारख्या. बोलले, मार्थाबाई, भाकरीच्या जागी सगळीकडं आता हेच चालतं, स्वच्छ असतं, तुमच्या हातालाबी आराम. मी घरी येऊन भांडी अशी आपटली की शेजारीण बघायला आली. भाकर गेली तर नावं कुठं घेऊ ताई, पाकीट फोडताना? आमच्या बायांचं दुसरं काय शिल्लक हाय? भाकर बंद झाली की सारूबाय गेली, रेबेकाबाय गेली, सगळ्या गेल्या.

मंग शनिवारी मी पाळकसाहेबांना चहाला बोलावलं आणि चुलीपाशीच पाट दिला. पीठ मळलं आणि थापायला लागले, एकेक नाव घेत. ते बघत राहिले. मध्येच मी हात थांबवून विचारलं, तुमच्या आईचं नाव काय? हौसाबाई, बोलले. मी थापलं, हौसाबाय. त्यांनी कप खाली ठेवला. बोलले, मला पहिली प्रार्थना तिनं शिकवली, ऊस तोडता तोडता, आणि मी इतके उपदेश केले, सगळ्यात आजोबांचं नाव घेतलं, तिचं एकदाबी नाय. दुसऱ्या दिवशी मेजावर भाकर होती. पाकीट कपाटात पडलंय, आतापर्यंत उंदरांनी उपास सोडला असेल.

आता माजी बोटं वळत नायत. भाकर सून करते, सुनंदा. ती कुणब्याची, पोलादपूरकडचीच, आमच्या पोरानं पसंत केली, दोन्हीकडून आदी रुसवेफुगवे झाले, मंग सगळे निवळले. तिच्या हाताला माज्यापेक्षा चव हाय, हे तिला सांगू नका, डोक्यावर बसेल. परवा पुनरुत्थानाच्या रविवारची, म्हणजे ईस्टरची, भाकर तिनंच केली. मी स्टुलावर बसून ऐकत होते. सगळी नावं नीट घेतली पोरीनं, तिच्या आईचं, धनगरवाड्यावरच्या बाळंतिणीचं, पाळकसाहेबांच्या हौसाबायचं. शेवटी सारूबाय. रेबेकाबाय. आणि मंग आणखी एक थाप मारली आणि बोलली, मार्थाबाय.

अगो, मी बोलले, मी जित्ती हाय अजून! तर वर न बघता बोलते कशी, म्हणून तर घेतलं आई, ऐकायला आलं ना? रीत मोडली म्हणून ओरडायला तोंड उघडलं, आणि पदर डोळ्याला लावला. रडले मी ताई. एवडी वर्षं सगळ्यांची नावं घेतली आणि आपलं ऐकायला कसं वाटतं ते आत्ता कळलं. तव्यावर भाकर टम्म फुगली होती.

आता काय पायजे मला, सगळं भरून पावलं. देव तुमालाबी सुखात ठेवो. निघताना तेवडं तुमच्या आईचं नाव सांगून जा, शनिवारी सुनंदा पीठ मळेल.