महांतप्पांनी न घेतलेली शपथ

सन्माननीय अध्यक्ष आण्णासाहेब, मंचावर विराजमान तहसीलदारसाहेब, आजचे सत्कारमूर्ती महांतप्पा, सौभाग्यवती शरणम्मा, आणि सतरंजीच्या सीमेपलीकडे मातीवर बसलेल्या ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

या द्विविध समारंभात भाषणाचे दायित्व माझ्या जिव्हेवर सोपविले गेले आहे. द्विविध अशासाठी, की एकाच नारळात सत्कारही आटोपतो आणि निरोपही. मितव्यय हा आपल्या गावाचा प्राचीन सद्गुण.

निजामी अमदानीत खंडोबाचा चांदीचा मुखवटा चोरीस गेला, तेव्हा आपण न्यायाचाही असाच मितव्यय केला. पुरावा शोधण्याचे कष्ट कोण घेणार? प्रत्येक पुरुषाने देवळात बेलभंडार उचलून शपथ घ्यावी, असे ठरले. आपण सर्वांनी घेतली. मीही, विशुद्ध उच्चारांसह. महांतप्पा मात्र म्हणाले, "गळ्यात इष्टलिंग हाय. त्याच्यावर हात ठिऊन सांगतो. दुसरी शपथ म्या घेणार न्हाय."

निष्ठेचे एवढे प्रखर प्रमाण समोर असता आपण काय अनुमान काढले? शपथ टाळतो, अर्थात चोर. अदालतीतही आपण एकमुखाने हेच वदलो, आणि महांतप्पा कारावासात गेले. सहा वर्षांनी खऱ्या चोराने परंड्यात कबुली दिली. शपथेच्या दिवशी तोही आपल्याच रांगेत होता. बेलभंडार त्यानेही उचलला होता.

नव्या सरकारने भरपाई म्हणून जमीन दिली, त्याबद्दल तहसीलदारसाहेबांचे आभार. ती इथेच राहून कसावी, अशी विनवणी करण्यास काल आमचे शिष्टमंडळ महांतप्पांच्या घरी गेले. आण्णासाहेब म्हणाले, "राहा की महांतप्पा. सरकारनं दिलं न्हवं समदं?"

"जमीन दिली, व्हय. शेजार कोण देणार?"

तोच शरणम्मा चुलीपासून बोलल्या, "मी आडावर गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. आता त्याच बाया खण घिऊन येत्यात. त्यांच्याकडं बघायची मलाच लाज वाटती."

त्या क्षणी मला एकही संस्कृत वचन स्मरेना. माझ्या आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग.

जमीन बटाईने देऊन उभयता लेकीकडे मुरुमला निघाले आहेत. बाहेर गाडी जुंपलेली आहे, म्हणून विस्तार आवरतो. अध्यक्षांचे, अतिथींचे आणि सतरंजी देणाऱ्या कल्याणप्पांचे आभार.

भाषणातील न्यूनाधिक्याबद्दल आपण मला क्षमा करालच. परस्परांना क्षमा करण्यात हे गाव सदैव तत्पर असते. ज्यांच्याकडून ती हवी, त्यांच्यासमोर ठेवलेली सत्काराची शाल मात्र अद्याप घडीतच आहे. तेव्हा एकच नम्र विनंती. मी खाली बसल्यावर कोणी टाळ्या वाजवू नयेत.