दादाचं एकच आजारपण

मायबापहो, आणि औरंगपुऱ्यातल्या शिलाईवाल्या दोस्तांनो, एवढी माणसं दादासाठी आलीत. माझी शाळा नववीत सुटली. तोंडी बोललो तर चुकेन, म्हणून लिहून आणलंय.

दादा गेला. माझा थोरला भाऊ, तुमचं कापड बेतून कापणारा कटर मास्टर. हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. "चार दिवसांत कात्री हातात घेतो बघ," म्हणाला होता.

टाक्यांत पू झाला. अंगात ताप असताना हॉस्पिटलनं घरी पाठवलं, कारण ऑपरेशनच्या ठरलेल्या पैशांत बसणारे पॅकेजचे दिवस संपले होते. परत नेलं, तर खिडकीवर नवा केस पेपर. आजार काय लिहिला? ताप. पुन्हा नेलं, पुन्हा नवा पेपर. अशक्तपणा. दादा हसला. म्हणाला, "आरं, माझं पोट एकच हाय. ह्यांना किती माणसं दिसायलीत?" त्याच दुखण्यात तो गेला.

त्या हॉस्पिटलचे मॅनेजर साहेब मागच्या रांगेत हार घेऊन बसले आहेत. आत्ता दारात मला म्हणाले, "भाऊ, ऑपरेशन सक्सेसफुल होतं. त्याचा खर्च पॅकेजएवढाच. पुढचं आजारपण वेगळं."

वेगळं, साहेब? मग वहिनीची बालवाडीतली नोकरी कशानं गेली? रोज जखम धुवायला घरी कोण थांबणार होतं? ऐन लग्नसराईत दादाची गिऱ्हाइकं कशानं तुटली? त्याची मशीन विकली, ती कोणत्या पेपरवर लिहायची? तापाच्या?

तुमचं ऑपरेशन स्वस्त दिसतं, कारण त्याच्यामुळं जे झालं ते तुम्ही दुसऱ्या आजाराच्या नावावर टाकता. उद्या कुणी विचारलं, इथं ऑपरेशन बिघडल्यानं माणसाचं किती नुकसान होतं, तर तुम्ही तेच पेपर पुढं कराल. त्यात दादा नसेलच.

तात्या, तुम्ही काका आहात, गप बस म्हणून खुणावताय, दिसतंय मला. साहेब मदत देणार आहेत. बदल्यात वहिनीनं 'तक्रार नाही' असं लिहून द्यायचं आहे. वहिनी सकाळीच म्हणाली, "भाऊजी, पैसे लई लागतेत, नाय कशाला म्हणू? पण आधी त्यांनी खरं बोलावं. मग सही."

म्हणून साहेब, फोटोला हार घालायच्या आधी एवढंच मोठ्यानं म्हणा. "हे एकच आजारपण होतं, आणि ते आमच्या ऑपरेशनपासून सुरू झालं."

सगळ्यांनी उभं राहावं. दादासाठी शांत राहू या. घड्याळ बघू नका. साहेब बोलतील, तेव्हाच आपण खाली बसू.