पिवळा दोरा

बाबा: ही काठी नाही, फूटपट्टी आहे. शेंडा वाकतच नाही हिचा. ठेव परत.

दुकानदार: वाकतो की मास्तर. बास मासा लागल्यावर बघा कसा कमानीसारखा वाकतो ते.

बाबा: बास लागल्यावर काय, बांबूसुद्धा वाकेल. लागायच्या आधी कळायला नको? रबरी अळी तळाशी हळूहळू सरकवत आणायची, तर शेंडा मऊ पाहिजे आणि बूड ताठ. कोट शिवतो तसं. वरून सैल दिसला पाहिजे, पण आतलं अस्तर हलता कामा नये.

लेक: बाबा, दुकानातले सगळे रॉड काढून झाले. आता काका स्वतःच्या घरातले आणणार का?

बाबा: तुला घाई असेल तर गाडीत जाऊन बस.

लेक: मला कसली घाई? शेजाऱ्यांना आहे. संध्याकाळी होडी बघायला येणार आहेत ते.

दुकानदार: होडी? मास्तरांची होडी?

लेक: आमच्याकडे दुसरी कुठली आहे काका?

दुकानदार: मास्तर, हे काही बोलला नाहीत तुम्ही.

बाबा: बोलण्यासारखं काही झालेलं नाही. बघायला येतायत. बघू देत. बघण्याने होडी झिजत नाही.

लेक: नीट सांगा की त्यांना. काका, गेल्या वर्षी यांनी शिवणाचं मशीन बंद केलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणाले. ठीक आहे. मग न दिसणाऱ्या माणसाने तलावावर एकटं होडीत काय करायचं? तर म्हणे मासेमारी हे हाताचं काम आहे, डोळ्यांचं नाही. म्हटलं, दाखवा. नवा रॉड घ्या, माझ्यासमोर जोडा, दोरा ओवा, गळ बांधा. जमलं तर होडी राहील. नाही जमलं तर शेजाऱ्यांना द्यायची.

बाबा: द्यायची, हे तिचं ठरलंय. माझं फक्त काठी घ्यायचं ठरलंय.

लेक: बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात.

बाबा: जेवताना म्हणालो होतो. जेवताना माणूस कशालाही हो म्हणतो.

दुकानदार: पोरी, तू बस जरा. ते स्टूल ओढ. मास्तर, ही बघा. मऊ शेंडा, कडक बूड, वजनाला पिसासारखी. हिला हे छोटं रीळ लावू. आणि दोरा काय देऊ? तंगूस नेहमीचाच, पाण्यात न दिसणारा?

बाबा: नको. तो दे. तो वरचा.

दुकानदार: कुठला, हिरवट?

बाबा: त्याच्या शेजारचा.

लेक: पिवळा? बाबा, पिवळा दोरा? तुम्ही?

बाबा: का, पिवळ्याने काय घोडं मारलंय?

लेक: काका, ऐका. मी लहान असताना काठावर कोणी पिवळा दोरा टाकून बसलेलं दिसलं, की हे होडी लांब वळवायचे. म्हणायचे, त्याने पाण्यात पाटी लावली आहे, माशांनो, गळ इकडे आहे. आईला येऊन सांगायचे, आज पुन्हा एक पाटीवाला भेटला. आमच्या घरात पाटीवाला ही शिवी होती.

दुकानदार: मला पण म्हणायचे. माझ्याच दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकांसमोर.

बाबा: तेव्हा डोळे होते. आता जुना तंगूस पाण्यावर दिसत नाही मला. पिवळा दिसेल. एवढंच आहे. त्याच्यावरून सभा भरवायची गरज नाही.

दुकानदार: आणि तशी अडचण काही नाही. पुढे हातभर तंगूस जोडायचा. अळीजवळ तंगूस, वर पिवळा. बासला तंगूसही दिसत नाही आणि पिवळाही दिसत नाही. गाठ मी मारून ठेवतो आत्ताच.

लेक: गाठ बाबा मारणार आहेत काका. तेच तर बघायला आले मी.

दुकानदार: हो, हो. ती वेगळी. ही जोडाची जरा किचकट असते म्हणून म्हटलं.

बाबा: अळ्या दाखव. जांभळ्या आहेत का?

दुकानदार: जांभळ्या, काळ्या, ही नवीन आली आहे, शेपटी वळवळणारी.

बाबा: वळवळणारी नको. गार पाण्यात बास आळशी असतो, त्याच्यासमोर नाचून उपयोग नाही. साधी सरळ दे. त्याच्या तोंडापाशी नुसती पडून राहिली पाहिजे.

लेक: या जांभळ्या... बाबा, आईचा बटणांचा डबा आठवतो?

बाबा: नाही आठवत.

लेक: आठवतो तुम्हाला. काका, आमच्या शिवणाच्या दुकानात बटणांचे डबे ओळीने ठेवलेले असायचे. एकदा एक बाई कोट न्यायला आल्या, एक बटण कमी होतं. आईने न बघता डब्यात हात घातला आणि मूठभर रबरी अळ्या त्या बाईंच्या कोटावर काढून ठेवल्या.

बाबा: ती बाई ओरडली नाही. तुझी आई ओरडली.

लेक: आठवतंय की मग.

बाबा: बाई फार सभ्य होत्या. म्हणाल्या, मास्तर, मला साधंच बटण चालेल. तुझी आई आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. मग एके सकाळी बघतो तर अळ्यांसाठी वेगळा डबा. तिनेच आणलेला, तिनेच पुसून ठेवलेला.

दुकानदार: वहिनींनी तो माझ्याकडूनच नेला होता. मला म्हणाल्या, झाकण घट्ट बसणारा द्या, आणि त्यांना सांगू नका मी स्वतः आले होते.

बाबा: हे तू मला आत्ता सांगतोयस?

दुकानदार: सांगू नका म्हणाल्या होत्या.

लेक: आई गेल्यावर तो डबा कुठे गेला?

बाबा: होडीत आहे. पुढच्या फळीखाली. दुसरं रीळ दे रे, हा दोरा जाड आहे. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलंय, या रिळात मावणार नाही म्हणून.

लेक: काय लिहिलंय?

बाबा: हे काय, खाली. छोट्या रिळासाठी नाही.

लेक: काका, ते पाकीट द्या जरा इकडे. बाबा, मला चष्मा लावूनही वाचता येत नाही हे. तुम्ही तिथून वाचलंत.

बाबा: अंदाजाने वाचलं.

लेक: अंदाजाने कोणी बारीक अक्षरं वाचत नाही. काल पेपरही वाचत होतात, मी आले तसा खाली ठेवलात. डोळ्यांना काहीही झालेलं नाही तुमच्या.

दुकानदार: पोरी, चहा घेशील? मी सांगतो आत.

लेक: चहा नको काका. बाबा, मग मशीन का बंद केलं?

बाबा: कंटाळा आला.

लेक: तुम्हाला? शिवणाचा? सुटीच्या दिवशी शेजारच्यांचे पडदे बिनपैशांनी शिवायचात तुम्ही.

बाबा: काठी जोडून दाखवायची होती ना? ही बघ. बुडात मधला भाग, मधल्यात शेंडा. झाली. दोरा ओवायचा, हा ओवला. एका कडीतून दुसऱ्या कडीत. दिसतंय ना? चल, निघू आता.

लेक: गळ राहिला.

बाबा: गळ घरी बांधेन.

लेक: बरं, गळ राहू दे. आपला खेळ खेळू. दगड, शेवाळ, बास.

बाबा: दुकानात?

लेक: आपल्या दुकानातच तर खेळायचो. तुम्ही कापडाच्या टेबलापाशी, मी दाराशी डोळे मिटून. दोऱ्याचं टोक तुमच्याकडे. टकटक केलंत की दगड, जड जड ओढलंत की शेवाळ, आणि नखाने एक टिचकी आणि मग गप्प वजन, की बास. गिऱ्हाईक मध्ये आलं तर दोरा वर धरायचा आणि गिऱ्हाइकाने खालून वाकून जायचं.

बाबा: एक गृहस्थ रोज जायचे. त्यांना वाटायचं तीच दुकानात शिरायची पद्धत आहे.

लेक: आज उलटं करू. काठी तुमच्याकडे, टोक माझ्याकडे. मी तिकडे कपाटापाशी जाते. डोळे मिटा.

बाबा: चिमे, लहान आहेस का तू आता?

लेक: डोळे मिटा बाबा. हाताचं काम आहे ना?

बाबा: मिटले. ओढ.

लेक: थांबा जरा.

बाबा: हं. शेवाळ. जड लागतंय. बरोबर? आता दगड. आणि हा, हा आला. टिचकी मारली. बास आहे. बरोबर की नाही? चिमे? बोल की.

(दोरा फरशीवर पडलेला. लेक तो उचलायला वाकलेली.)

लेक: बाबा, डोळे उघडा.

बाबा: चुकलं का काही?

लेक: दोरा माझ्या हातातून सुटला होता. मी अजून ओढलाच नव्हता.

दुकानदार: मी चहाचं सांगून येतो.

बाबा: थांब तू. कुठे जाऊ नकोस. सांग तिला, सांगायचं ते. तुला माहीतच आहे.

दुकानदार: मास्तर, मी कशाला...

बाबा: सांग म्हटलं ना.

दुकानदार: पोरी, थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. मास्तर आले, गळ घ्यायला. इथे उभे राहिले, हे छोटे नकोत, मोठे दाखव म्हणाले. बोट असं काचेवर ठेवून दाखवत होते. आणि अंगठ्यात गळ रुतलेला. आरपार. सकाळी तलावावर रुतला असणार. तसेच आले होते चालत. मी म्हटलं, मास्तर, अंगठा. तर बघतात काय माझ्याकडे. त्यांना पत्ताच नव्हता.

लेक: आणि मला म्हणालात, सुरीने कापलं.

बाबा: डॉक्टर म्हणाला, साखरेने होतं असं. पायांपासून सुरू होतं म्हणाला. माझं हातांपासून झालं. लोकर आणि सुती, बोटांना दोन्ही सारखंच लागायला लागलं. त्या दिवशी मशीनवर झाकण घातलं.

लेक: पण डोळे का सांगितलेत?

बाबा: डोळे गेले म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात. हात गेले म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी होडी नेली असतीस.

लेक: नेली असती. खरं सांगते, नेली असती. एकटे असता तुम्ही तिथे. दोरखंड हातातून सुटला तरी कळायचं नाही तुम्हाला. रात्री पडल्या पडल्या तेच दिसतं मला.

बाबा: माहीत आहे मला. म्हणून तर पिवळा. हाताला कळत नाही तर डोळ्यांनी बघेन. बासने अळी तोंडात घेतली की दोरा पाण्यावर जरासा उडतो, आणि मग बाजूला सरकायला लागतो. बघत बसलं की दिसतं. काठावर बसून बघितलंय मी, त्या पाटीवाल्यांच्या मागे. त्यांना मिळतात मासे. आयुष्यभर हसलो त्यांना आणि त्यांना मिळतात.

लेक: बाबा...

बाबा: होडी नको देऊस चिमे. घरात बसलो की मी नुसता म्हातारा असतो. तिथे गेलं की काहीतरी असतो अजून. आणि तुझी आई काठावरून हाक मारायची ना जेवायला, ती तिथेच ऐकू येते. घरात नाही येत. मी कधी बोललो नाही हे कोणाशी.

लेक: मला राग तुमच्या हातांचा नाही आला. मला सांगितलं नाहीत त्याचा आला. एवढ्या जवळ राहते मी.

बाबा: तू तलावावर यायची थांबलीस. मग तलावातलं काय सांगणार तुला?

लेक: कॉलेज सुरू झालं, आणि मग राहूनच गेलं. ठरवून नाही थांबले.

बाबा: मी कुठे म्हणतोय ठरवून.

लेक: काठी द्या इकडे. ते टोक घ्या तुम्ही.

बाबा: कशाला आता?

लेक: घ्या ना. मी डोळे मिटते. काका, मध्ये येऊ नका, आलात तर खालून वाकून जा. ओढा बाबा.

बाबा: हे काय?

लेक: दगड.

बाबा: हे?

लेक: शेवाळ. ओलं, खूप.

बाबा: हे?

लेक: ओंडका. दोरा घासला त्याच्यावर. हे तुम्ही कधी शिकवलं नव्हतंत, मीच ओळखलं होतं.

बाबा: शिकवलं होतं. आणि हे?

लेक: हे काही नाही. तुम्ही ओढलाच नाहीत.

बाबा: येतंय की तुला अजून.

लेक: काका, शेजाऱ्यांना फोन करते आणि मग बघू. आधी हा पिवळा दोरा यांच्या रिळावर चढवा. जोडाची गाठ तुम्हीच मारा, मला नाही येत. आणि मला एक काठी द्या. मऊ शेंडा, कडक बूड. दोरा साधा, न दिसणारा.

दुकानदार: शेजाऱ्यांना काय सांगणार?

लेक: होडी रिकामी नाही म्हणून सांगते.

बाबा: तुला जमणार नाही. पहाटे निघावं लागतं.

लेक: मी उठवते तुम्हाला.

बाबा: गार असतं. आणि तुझं बोलणं फार असतं. पहिल्यांदा आलीस तेव्हा नवे बूट दाखवायला फळीवर टाचा आपटत होतीस. तलावातला एकूण एक बास पळाला. बूट काढ म्हटलं तर एकच काढलास, आणि तो पाण्यात पाडलास. तुझ्या आईला काय सांगायचं म्हणून मी वाटेत तीन वेगवेगळ्या गोष्टी रचल्या होत्या.

लेक: आणि मी आल्या आल्या खरं सांगून टाकलं.

बाबा: तेच तर.

लेक: यांच्या बाजूचा दोरा हे डोळ्यांनी बघतील काका. माझ्या बाजूचा मला हाताला कळेल. दोघांत मिळून एक माणूस होतोय ना?

दुकानदार: होतोय. बरा होतोय.

बाबा: चिमे.

लेक: काय?

बाबा: होडीत बूट काढून बसायचं.

लेक: हो बाबा.

बाबा: दोन्ही.