पिंगळा बोलवा, सर

न्हाई न्हाई, कॅमेरा ऱ्हाऊ द्या पिशवीत, सर, मला फोटूचं काम न्हाई, मला तुमच्या त्या फोनमधला पिंगळा पायजे, त्या बारक्या घुबडाचा आवाज. हाव, तोच — मघा तळ्यापाशी तुमी बटन दाबलं आन् झाडातनं खरा पिंगळा वरडत आला की न्हाई? तसाच. इथं लिंबाखाली बसायचं, मी खुणावलं की लावायचं. बस्स. म्हाताऱ्याची गंमत म्हणा. म्या, ह्या रेवणसिद्धानं, सरपंचाच्या सत्काराच्या हारात खाजकुयली घातली तवा गाव हसलंच की.

असं का बघून राहिलात? सांगतो. आमची शिवांगी, नात माझी — तिला भोकरचे पाव्हणे येऊन राहिलेत. बघून झालंय, आज सुपारी फोडायची. आन् पोराचा बाप, बसलिंगप्पा, असा माणूस हाय की मांजर आडवं गेलं तर जीप माघारी घेतो. दारात उतरताना डोक्यावर पिंगळा वरडला — चहासुदिक पेणार न्हाई. भांडण न्हाई, तंटा न्हाई, मी तर तोंड उघडलं न्हाई. पिंगळ्यानं मोडलं. पिंगळ्याला कोण जाब इचारतंय?

पाप? कसलं पाप हो. पोरीच्या भल्याचं हाय. भोकर काय जवळ हाय का? आन् तिच्या मनात न्हाई. — तिनं सांगाय कशाला पायजे, मला कळतंय की. काल दुपारी त्या पोराशी फोनवर बोलून राहिली होती, हसून हसून ठसका लागला, मीच पाण्याचा तांब्या दिला... ते हसणं येगळं. पोरी हसत्यात. तुमी नका त्यात शिरू.

बरं, तुमच्या पुस्तकाची खबर ऐका — गेल्या साली देऊन गेलात ते, पाखरांचं. पानं सुटी झाली त्याची. मला कुठं वाचाय येतंय, माझी शाळा सहीपुरती. सांजच्याला शिवांगी वाचून दाखवती. तेच पान मी तिला चार-चारदा वाचाय लावतो, इसरलो म्हणतो. "आज्जा, कालच तर वाचलं!" वाचलं आसंल बाई, म्हातारा माणूस, डोस्क्यात ऱ्हात न्हाई — की लागली पुन्हा वाचाय. ऱ्हातंय हो. सगळं पाठ हाय. ती खोकली तर फुडचं मी सांगीन. लई सोपी हाय फसवाय. आता ती गेल्यावर... सून हाय की, उज्ज्वला, तिला टीव्ही ऱ्हातोय. लेकाला शेत. पाखरांचं काय, ती दिसत्यातच, वाचाय कशाला पायजे?

काढा की फोन, सर. आवाज मोठा ठिवा.

तो बघा धुरळा. आली जीप. थांबा, अजून न्हाई — उतरू द्या. पोरगा बघा कसा, बापाच्या आधी उडी मारून राहिला, नाडी सुटलीय बुटाची येड्याची. आन् ही? हिला आत बसाय सांगितलं होतं, दारात काय करून राहिली ही? ... सर, तिचं तोंड बघा. न्हाई, तिकडं न्हाई, दारात बघा. असं फुललेलं तोंड तिचं आजवर...

लावू नका. लावू नका म्हणलं ना! खिशात घाला तो.

उठा, निघा आता. पाव्हण्यांच्या पायावर पाणी घालायचंय मला.