मधल्या खोलीतला प्लग

ताई : अडकलं परत. कोर्टातला कारकून तोंड उघडं ठेवून बसलाय स्क्रीनवर.

भाऊ : फोनला हात लावू नकोस. तुझा नंबर कधी?

ताई : आमच्या आधी एकच प्रकरण आहे म्हणाला. मागच्या वेळी लाइन तुटली तेव्हाच मॅडमनी बजावलंय, आता थांबणार नाही, समोरच्याचं ऐकून निकाल देऊ. माझं पोर कायमचं त्याच्याकडे जाईल रे.

भाऊ : जाणार नाही. बघू दे मला.

ताई : वायफायच्या दांड्या तर पुऱ्या भरल्यात. मग हे काय नाटक?

भाऊ : त्या दांड्या तुझा फोन आणि ही पांढरी डबी, एवढ्यापुरत्याच. डबी तुझ्या उशाशी लावलीय, त्या भरणारच. पण डबीलाच काही मिळत नाहीये.

ताई : म्हणजे?

भाऊ : नेट तारेनं येतं ते पुढच्या खोलीतल्या राउटरपर्यंत. तिथून पुढं हवेतून. ही डबी राउटरचं ऐकते आणि पुढं सांगते. मधे दोन जाड भिंती, वर लोखंडी कपाट. तिला इथं ऐकूच येत नाही, तर सांगणार काय, कप्पाळ?

ताई : मग इथं लावलीस कशाला, शहाण्या?

भाऊ : चुकलं. वाटलं, जिथं नेट पोचत नाही तिथंच लावायची. लावायला हवी होती अर्ध्या वाटेवर, जिथं राउटरचं अजून नीट पोचतं तिथं.

ताई : त्यापेक्षा मीच पुढच्या खोलीत बसते.

भाऊ : बाहेर रस्ता फोडतायत. त्या धडधडीत तुझा एक शब्द कळणार नाही त्यांना.

ताई : अर्ध्या वाटेवर म्हणजे...

भाऊ : बाबांची खोली.

ताई : नको.

भाऊ : ताई, वेळ आहे का आता हे करत बसायला?

ताई : नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून त्यांनी माझ्याशी अवाक्षर काढलेलं नाही. मी जेवायला बसले की उठून जातात. त्यांच्यापुढं मी प्लगसाठी हात पसरू?

भाऊ : तू बस इथंच. मी जातो.

(मधल्या खोलीचं दार उघडतं.)

भाऊ : बाबा, पलंगामागचा प्लग हवाय. ताईची सुनावणी आहे, मागे नेट पोचत नाहीये.

बाबा : तिथं माझा रेडिओ आहे.

भाऊ : माहितीये.

बाबा : काढ मग. बघतोस काय?

भाऊ : आणि दार उघडं ठेवावं लागेल. पत्र्याचं आहे, लोटलं की सिग्नल अडतो.

बाबा : म्हणजे तिचं सगळं मला ऐकू येणार.

भाऊ : येणार.

बाबा : राहू दे उघडं.

भाऊ : ताई, हिरवा दिवा लागला! बघ काही होतंय का.

ताई : कारकून हलला. थांब, आमचंच प्रकरण पुकारलं... हो मॅडम, ऐकू येतंय. हो, घर मी स्वतःहून सोडलं. हाताला टाके पडले होते, दुसऱ्यांदा. मुलाला कडेवर घेऊन निघाले, तर जिन्यात नवऱ्यानं हिसकावून घेतला. नाही मॅडम, वडिलांना काही सांगितलं नाही. त्यांनीच बघून दिलेलं स्थळ. मनाला लावून घेतलं असतं त्यांनी.

बाबा : टाके?

भाऊ : हळू बोला.

बाबा : तुला ठाऊक होतं?

भाऊ : तिनं शपथ घातली होती.

ताई : हो मॅडम, नोकरी आहे, दिवसपाळी. मी कामावर असताना मुलाजवळ... माझा भाऊ आहे. तोही दिवसभर बाहेर असतो, ते खरंय. मग तेवढा वेळ... मी काहीतरी सोय...

भाऊ : बाबा, कुठं निघालात?

बाबा : सरक जरा, पोरी. मॅडम, मी हिचा बाप. मी दिवसभर घरीच असतो.