घरगुती बाब

ऋजुता : बाबा, हे काय आहे? "प्रत्येक शाखेने दुसऱ्या शाखेच्या सभासदांच्या घरगुती बाबीत लक्ष घालू नये." हा वाक्य तू लिहिलास?

मिलिंद : 'हे वाक्य', बाळा. आणि ते लंडन शाखेच्या शशीने लिहिलंय. मी लीड्स शाखेतर्फे फक्त सही करायची. सहाला शशीचा फोन येईल, तोवर पडू दे मला. हॉस्पिटलमधली कालची ऑन-कॉल ड्युटी अजून अंगात आहे.

ऋजुता : आणि खाली? "वैजयंतीबाईंना रविवारपर्यंत वेम्बलीला पोचते करावे." म्हणजे लाइक, परत पाठवायचं?

मिलिंद : त्या वेम्बलीला शशीच्या घरी कामाला आहेत, बाळा. दिवाळीच्या कार्यक्रमाला लंडनच्या कोचमधून लीड्सला आल्या आणि परतीच्या कोचमध्ये बसल्याच नाहीत. दहा दिवस झाले आपल्या घरी. शशी म्हणतो, तुम्ही आमचं माणूस पळवलंत.

ऋजुता : कुणी पळवलं नाही. ती स्वतः पळाली.

मिलिंद : बावीस वर्षं लंडन-लीड्सचं हे मराठी मंडळ एकत्र ठेवलंय मी. त्यांना आपण गावंढळ वाटतो, आपल्याला ते शिष्ट. नाटक कुणाचं, हॉल कुठला, अध्यक्ष कुठला, सगळ्यावर भांडलो, पण फुटलो नाही. आता एका बाईपायी फुटायचं?

ऋजुता : उद्या माझी हिस्टरीची मॉक एक्झाम आहे. अमेरिकेत नॉर्थ-साउथचं भांडण सिव्हिल वॉरपर्यंत कसं गेलं, हाच टॉपिक. टॅक्सवर पण भांडायचे ते, पण त्यात मधला रस्ता निघायचा. मग गुलामीवर पण तसाच काढत बसले. नकाशावर रेघ मारली, इथपर्यंत गुलाम ठेवा, त्याच्या वर नको. शेवटी पळून आलेल्यांना परत पाठवायचा कायदा कडक केला, साउथ खूश राहावा म्हणून. आणि नॉर्थवाल्यांच्या दारातून माणसं ओढून न्यायला लागले, तेव्हा तिथल्या खूप लोकांना कळलं की ही फक्त साउथची घरगुती बाब नाहीये. युनियन टिकावी, देश फुटू नये म्हणून केलेला कायदा, बाबा. त्याने भांडण अजून वाढली.

मिलिंद : शशी काही चाबूक घेऊन उभा नसतो गं.

ऋजुता : तिची पासपोर्ट कुणाकडे आहे?

मिलिंद : हरवू नये म्हणून ठेवला असेल.

ऋजुता : तुला माहीत होतं?

मिलिंद : होतं. मार्चपासून. शशीनेच सांगितलं, हसत हसत. मीही हसलो. झालं समाधान?

(वैजयंतीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या आहेत. कधीपासून, ते बापलेकीला ठाऊक नाही.)

वैजयंती : चहा आणलाय, साहेब.

मिलिंद : तुम्ही कशाला केलात? बसा ना.

वैजयंती : उभीच बरी हाय. कागदात माझं काय लिवलंय?

मिलिंद : अजून सहा महिने तिकडे राहायचं. मग शशी तुम्हाला गावी पाठवणार. शब्द देतोय तो.

वैजयंती : आणलं तवाबी सहा महिनेच म्हणाले होते. दोन दिवाळ्या झाल्या.

मिलिंद : दोन? अहो, मग तुमचा सहा महिन्यांचा व्हिसा तर कधीच संपला असेल?

वैजयंती : त्याचं मला काय ठावं? कागद त्यांच्याकडं. दाराबाहेर एकटी गेलीस तर पोलीस धरतील, म्हणायचे.

मिलिंद : मला कधी बोलला नाहीत.

वैजयंती : गेल्या वर्षी बोलणार होते. तीनशे पुरणपोळ्या केल्या म्हणून तुम्ही स्टेजवर शाल दिली, नारळ दिला. तवा तोंड उघडलं होतं मी. तुम्ही म्हणालात, फोटोत हसा.

मिलिंद : सांगितलं असतंत तर ऐकलं असतं मी.

वैजयंती : नसतं ऐकलं, साहेब.

ऋजुता : बाबा, शशीकाकाचा फोन.

मिलिंद : वाजू दे. वैजयंतीबाई, नाही म्हटलं तर मंडळ फुटेल. फुटू दे. दमलो मी ते धरून धरून. पण सही केली असती मी आज, हेही खरं.

ऋजुता : हेल्पलाइनचा नंबर काढलाय मी. अशा केसमध्ये मदत करतात ते. पण मावशी, तू सांगशील तसं करू आपण.

मिलिंद : शशीला काय सांगू, वैजयंतीबाई?

वैजयंती : तुम्ही नका सांगू. द्या इकडं. हॅलो, शशीभाऊ, वैजयंती बोलतीय. न्हाई, कुणी शिकवलं न्हाई. मी येत न्हाई. माझा पासपोर्ट तेवढा पाठवा. सापडत न्हाई? वरच्या खणात बघा, ताईंच्या दागिन्यांच्या डब्याखाली. किल्ली देवघरात असती. दोन वर्षं रोज मीच पुसलंय ते कपाट.